पेटी कुणाच्या डोक्यावर होती?

सामूहिक वनहक्काच्या दाव्यावर वरून शेरा येतो: पुरावा अपुरा. पुरावा म्हणजे कागद. आणि कागद ज्यांच्या हातात होता ते आमचं नाव त्यावर कशाला लिहितील? तरी एका ठिकाणी त्यांनी ते लिहून ठेवलंय. साहेबांच्या शिकारीत.

शिकारीची बंदूक कशी बनायची ते आधी बघा. लंडनचे, बर्मिंगहॅमचे नामांकित कारागीर गिऱ्हाइकाचं माप घेऊन बंदूक करत, शिंपी कोटाचं घेतो तसं. हात किती लांब, खांदा किती उतरता, डोळा कुठे येतो. त्या मापानं अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरायचा. दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्यांची गोळी एकाच जागी बसली पाहिजे. म्हणून झाडून बघायचं, नळ्यांमधला जोड तापवून किंचित सरकवायचा, परत झाडायचं. महिनोन् महिने हेच. कामात खोट काढायला जागा नाही, आणि त्या कारागिराशी आमचं भांडणही नाही. तोही हातावरच जगणारा.

ही बंदूक सुटी व्हायची. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, नळ्यांखालचं लाकूड वेगळं, सगळं एका आखूड पेटीत. वरून चामडं, आत मऊ कापड. बोटीतून, रेल्वेतून, बैलगाडीतून न्यायला सोपं. आणि गाडीवाट संपली की? मग माणसाचं डोकं.

ते डोकं आमच्या आज्या-पणज्यांचं होतं. मेळघाटात कोरकूंचं, चांद्याकडे गोंड-माडियांचं. साहेबाचा तळ पडला की गावातून माणसं काढायची. ओझी वाहायला, मचाण बांधायला, हाका करायला. वाघ कुठल्या नाल्यात बसलाय हे त्या महागड्या बंदुकीला कुठं ठाऊक होतं? ते आज्याला ठाऊक. साहेब मचाणावर, हाकारे जमिनीवर. जखमी वाघ उलटला तर तो कुणावर उलटणार, सांगायला नको.

१८७८ साली एकाच वर्षात दोन कायदे आले. वनकायद्यानं जंगल सरकारचं झालं. शस्त्रकायद्यानं हिंदी माणसाला बंदुकीला परवाना लागू लागला, गोऱ्याला सूट. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज राजा नेपाळच्या तराईत शिकारीला गेला, १० दिवसांत ३९ वाघ पडले. ती शिकार. आमच्या फासात ससा सापडला तर ती चोरी. पुढं १९७३-७४ मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला, तेव्हा वाघाला धोका कुणाचा, तर म्हणे गावांचा!

आता कामाचं. साहेब लोकांना लिहायची हौस फार. फोर्सिथ नावाच्या अधिकाऱ्याचं सातपुड्याच्या जंगलांवरचं पुस्तक १८७१ चं आहे, त्यात गोंड आणि कोरकू जागोजागी येतात. जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअरं आहेत, वनखात्याच्या कार्य आयोजना आहेत. नियम १३ मध्ये गॅझेटिअर आणि कार्य आयोजना दोन्ही पुरावा म्हणून धरल्यात. त्यात आपलं गाव, नाला, पाणवठा सापडतो का ते शिकलेल्या पोरांनी शोधावं. एकच कागद लावून थांबू नका, एकाहून जास्त पुरावे लागतात.

आणि म्हाताऱ्यांना विचारा. हाका कुठून सुटायचा, मचाण कुठल्या झाडावर असायचं, तळ कुठं पडायचा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं निवेदन लिहून घेतलं तर तोही पुरावाच. त्या जागा नकाशावर खुणा करून दाव्याला जोडा.

एक सांभाळा. २००६ च्या कायद्यानं शिकारीचा हक्क दिलेला नाही, परंपरेचा असला तरी. त्यामुळे निवेदनात शिकारीचा हक्क मागत बसू नका. वस्ती, वाट, पाणी, मोह, चराई यांवर जोर द्या. नाहीतर तेवढीच एक ओळ धरून अख्खा दावा मागे फिरवतील.