पिवळा दिवा लागला की नांदेडलाच का पळायचं?

पोस्ट लांब आहे, पण ज्याच्या दारात २०२० नंतरची गाडी उभी आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ शिवाय नवी गाडी विकायला बंदी आली. धूर कमी व्हावा याला माझा विरोध नाही. दुचाकीतला कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, सायलेन्सरच्या नळीवर बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर आला. आणि त्याच्याबरोबर गाडी दुरुस्त करायचा हक्क गुपचूप आपल्या गावातून उचलून शहरातल्या काचेच्या शोरूममध्ये नेऊन ठेवला. माझं भांडण त्याच्याशी आहे.

हा सेन्सर करतो काय? बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजून ईसीयूला कळवतो. ऑक्सिजन कमी, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: व्होल्टेज ०.९ च्या आसपास. ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय: ०.१ च्या आसपास. त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. सेन्सर मेला की ईसीयू अंदाजानं पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. व्होल्वोनं ही वस्तू १९७६ साली गाडीत बसवली होती. पन्नाशीला आलेल्या वस्तूत आता गुपित ते काय राहिलं?

माझ्या दुचाकीचा दिवा ऐन केळीच्या काढणीत लागला. गावातला मिस्त्री म्हणाला, "भाऊ, काम मला येतंय, पण कोड वाचायचं मशीन नाही." शहरातल्या सर्व्हिस सेंटरवर गेलो तर, "सुटा पार्ट देत नाही, गाडी सोडून जा, उद्या या." दोन दिवसांचा खाडा आणि वर मजुरी! शेवटी सेन्सर दुसऱ्या दुकानातून आणला आणि अंगणात बसून अर्ध्या तासात बदलला.

काय लागलं? गाडी थंड, स्विच बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. सॉकेट काढून योग्य मापाच्या पान्यानं जुना सेन्सर खोलायचा. नवा आधी हातानं आट्यात बसवायचा, मग पुस्तकात दिलंय तेवढाच आवळायचा. टोकाला ग्रीस नाही, ऑइल नाही, आसपास सिलिकॉन तर अजिबात नाही; त्यानं नवा सेन्सरही खराब होतो. वायर तापलेल्या नळीला टेकू द्यायची नाही. झालं.

कुणी म्हणेल, "घरी हात लावला की गाडी बिघडते." बरोबर, माहिती नसली की बिघडते. म्हणून तर माहिती मागतोय! दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. उंदरानं वायर कुरतडलेली असते, सॉकेटात पाणी गेलेलं असतं, सायलेन्सरचा जोड फुटून हवा आत ओढली जाते. खरं कारण शोधायला कोड आणि वायरिंगचा नकाशा लागतो. तोच दाबून ठेवायचा आणि वर "अडाणी मिस्त्री" म्हणून नावं ठेवायची, हा कुठला न्याय? मग लोक दिव्याची वायरच तोडतात, अन् धूर आपलीच लेकरं पितात. असल्या जुगाडाच्याही मी विरोधात आहे. पण रस्ता बंद केला की माणूस बांधावरून जाणारच.

वॉरंटीची भीती दाखवतात. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, तो याच दादागिरीसाठी. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू द्या, आणि नुसतं बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण रेंगाळलं. तो निकाल कारचा होता, पण तत्त्व दुचाकीला लागू का नसावं? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोकांनी २०१२ साली थेट मतदान करून हा हक्क घेतला. आपल्याकडं केंद्रानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. पोर्टलनं नट खुलत नाही साहेब, कायदा लागतो!

मागण्या सरळ आहेत. एक, सेन्सरसारखे भाग काउंटरवर सुटे मिळाले पाहिजेत, किंमत छापून. दोन, कोडची यादी आणि दुरुस्तीचं पुस्तक मराठीत. तीन, आयटीआयमध्ये गावातल्या जुन्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचा छोटा वर्ग आणि तालुक्यात एक सामाईक स्कॅनर. वीस-वीस वर्षं रस्त्याकडेला आपल्या गाड्या चालू ठेवणाऱ्या माणसाला एका मशीनपायी दुकान बंद करावं लागू नये.

कंपनीनं सुटा पार्ट नाकारला तर तो नकार लेखी मागा, मिळाला नाही तर तारीख-वेळ टिपून ठेवा, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तक्रार क्रमांक आणि गाडीचं मॉडेल खाली कमेंटमध्ये टाका. एकट्याची तक्रार फाईलखाली जाते. अर्धापूर, मालेगाव, वसमत फाट्यावरच्या पन्नास जणांची एकत्र गेली तर कुणाला तरी उत्तर द्यावंच लागेल.