पळसाच्या पानातले बिऱ्हाडकरू

शेंगावर्गातील वनस्पतींचा धडा तुम्ही शिकलात, तो बहुधा मुळांवरच्या गाठींपाशी संपला असेल. ऱ्हायझोबियम जीवाणू, नायट्रोजनचे स्थिरीकरण, आकृती काढून नावे द्या. त्या धड्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्याच वर्गातल्या पळसाकडे जरा वर, पानांकडे पाहा. पळसाला पाने तीनच, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पानांच्या आत कोण राहते, हे मात्र कुणी विचारत नाही.

तेथे कवके राहतात, म्हणजे बुरशी. तीही निरोगी, हिरव्यागार पानात! उन्हाळ्यात पळसाला कोवळी पालवी फुटते, तेव्हा ती जवळजवळ कोरी असते. मग वाऱ्यापावसाबरोबर बीजाणू येऊन पडतात, ओल मिळताच रुजतात आणि त्यांचे सूक्ष्म तंतू आत शिरून मुक्काम ठोकतात. पान जून होत जाते तसे हे बिऱ्हाडकरू वाढतात.

हे कळते कसे? पान धुऊन अल्कोहोलमध्ये व सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतात. पृष्ठभागावरची बुरशी त्याने मरते. मग पानाचे बारीक तुकडे निर्जंतुक आगरवर ठेवतात. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून पांढरे, करडे तंतू डोकावतात. हे आतले रहिवासी! (आगरवर जी वाढतच नाहीत, ती डीएनएच्या तपासणीत सापडतात.)

आता आपल्या वहीतले दोन रकाने आठवा : उपकारक कवके आणि अपकारक कवके. हे रकानेच मला चुकीचे वाटतात. आंब्यावर करपा आणणारी कवके कोलेटोट्रायकम या प्रजातीतली. याच प्रजातीची कवके कितीतरी झाडांच्या निरोगी पानांत गुपचूप नांदतात. पान गळून पडले, की आतल्यांपैकी काही तेच पान कुजवू लागतात. त्यांना परजीवी म्हणाल, की मृतोपजीवी? पनामात कोकोच्या रोपांवर झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आत कवके असलेल्या पानांचे फायटॉप्थोरा या रोगकारकामुळे कमी नुकसान झाले. पण कोको शेंगावर्गातला नव्हे. तेवढ्यावरून पळसाच्या कवकांना 'मित्र' ठरवणे ही घाईच होईल.

म्हणून शिक्षकांना विनंती, की एका गुणासाठी रकाना भरून घेण्याऐवजी 'कोणत्या झाडात? पान कोवळे असताना, की गळल्यावर?' असे विचारावे. एखाद्या विद्यार्थ्याने कोलेटोट्रायकमचे नाव दोन्ही रकान्यांत लिहिले, तर त्याचा गुण कापू नये.