आधी दरवाजा, मग पत्रा

गेल्या महिन्यात मामूंच्या गॅरेजात एक जुना फार्गो ट्रक आला. प्रीमियर कंपनी एकेकाळी कुर्ल्यात हे ट्रक बांधत असे. मालकाला घाई होती. पुट्टी भरा, रंग मारा, गाडी द्या. मामूंनी केबिनच्या खालच्या कोपऱ्यात पेचकस टोचला, तो आरपार गेला. "ऊपर से चमकेगा, अंदर से सडेगा," म्हणाले आणि त्यांनी पुट्टीला साफ नकार दिला.

गंज आतून येतो. दरवाजाच्या तळाशी आणि केबिनच्या कोपऱ्यात चिखल साचतो, पाणी निघायची भोकं बुजतात. वरून पुट्टी थापली की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत फुगा येतो. म्हणून सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापावाच लागतो.

पण मामूंनी लगेच कापायला घेतलं नाही. आधी दरवाजा उचलून हलवून पाहिला. बिजागऱ्यांच्या पिना झिजल्या होत्या, त्या बदलल्या. केबिनला आतून आडवे-तिरपे आधार दिले. नवा पत्रा नुसते टाके मारून धरला, दरवाजा लावला, चारी बाजूंची फट पाहिली. फट सारखी आल्यावरच वेल्डिंग, तेही एका जागी थोडं, मग दुसऱ्या जागी, म्हणजे उष्णतेनं पत्रा वाकत नाही. आधी पक्कं वेल्डिंग केलं आणि मग दरवाजा बसेना, तर सगळं पुन्हा कापा.

ही नुसती ठोकाठोकी नव्हे, हे शास्त्र आहे. मामू चौथी शिकलेत, म्हणून त्यांना कुणी इंजिनिअर म्हणत नाही. सरकारनं 2021 साली पन्नास वर्षांवरच्या खासगी दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीचा मान दिला. ओझी वाहणारा ट्रक त्यात नाही. ट्रकची आणि मिस्त्रीची गत सारखीच.

पण बोट फक्त सरकारकडे दाखवून भागणार नाही. मुसलमानांत स्वयंरोजगाराचं प्रमाण मोठं आहे, हे 2006 च्या सच्चर अहवालानं मांडलं. वाहनदुरुस्ती त्यातलाच एक धंदा. आपण "हुनर आपल्या हातात आहे" असं अभिमानानं सांगतो आणि बारा वर्षांच्या पोराला शाळेतून काढून गॅरेजात बसवतो. त्याला हात मिळतो, कागद मिळत नाही. मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या दारात मात्र कागदच विचारतात. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा ट्रेड आहे. आपली किती पोरं तिथं जातात?

काहीजण म्हणतील, कॉलेजात गेलेला पोरगा हातोडी धरणार नाही. मला तसं वाटत नाही. हातोडीला कमीपणा आपणच चिकटवला आहे. पोरगा दहावी करो, आयटीआय करो आणि संध्याकाळी मामूंकडे येवो. अनुदान, शिष्यवृत्ती, मेळावे हे सगळं हवंच. पण त्याआधी शाळा सुटू देऊ नका. ती सुटली, तर वरचं सगळं पुट्टीच आहे.

तो ट्रक आता तयार आहे. मामू एका बोटानं दरवाजा ढकलतात आणि तो हलक्या आवाजात बसतो. त्यांचा नातू आठवीत आहे. पुढच्या वर्षी त्याला शाळेतून काढायचं घरात चाललं होतं. परवा मी मामूंना एवढंच म्हणालो, "मामू, आधी दरवाजा बसवा, वेल्डिंग नंतर." ते हसले. पोरगा शाळेतच आहे.