एक चौकट खाली सरकली

विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची सोसायटी. गेल्या महिन्यात दोनशे तीनमधल्या आजींच्या हातात वॉचमनने थकबाकीची नोटीस दिली, व्याजासकट. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मेंटेनन्स भरणाऱ्या आजी पावत्यांची फाइल घेऊन थेट खजिनदार काकांच्या दारात आल्या. उपविधींनुसार थकबाकीवर सरळ व्याज लावता येतं, पण आजींना पैशांपेक्षा तो कागद लागला होता.

काकांनी मला बोलावलं. एक्सेलच्या शीटमध्ये फ्लॅट नंबर, नाव, येणे, जमा, बाकी असे रकाने. जमेची बेरीज बँकेशी पैशापैशाने जुळत होती, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. मग माझं लक्ष तळाशी गेलं. 'एकूण' हा शब्द बेरजेच्या एक ओळ खाली उतरला होता.

फ्लॅट एकशे चार विकला गेला होता आणि नव्या मालकांत नवरा-बायको दोघांची नावं होती. दुसऱ्या नावाला जागा हवी म्हणून काकांनी तिथे एकच सेल घातला आणि 'शिफ्ट सेल्स डाउन' निवडलं. त्या क्षणी खालची सगळी नावं एक ओळ खाली गेली, आकडे मात्र जागेवरच राहिले. आजींचं नाव शेजारच्या दोनशे चारच्या बाकीसमोर येऊन बसलं.

काकांना मी दोष देत नाही. सेल घालताना एक्सेल चार पर्याय विचारतं: सेल उजवीकडे सरकवू, खाली सरकवू, पूर्ण ओळ घालू, की पूर्ण रकाना? कॉम्प्युटर क्लासमध्ये सूत्रं घोकून घेतात, या चार ओळी मात्र कुणी थांबून समजावत नाही, याचा मला राग येतो. सभासदांच्या यादीत एक ओळ म्हणजे एक घर. घालायची ती पूर्ण ओळ, काढायची तीही पूर्णच. फक्त मजकूर पुसायचा असेल तर कीबोर्डवरचं डिलीट पुरे. राइट क्लिक करून सेलच डिलीट केला तर खालचे किंवा बाजूचे सेल ती जागा घ्यायला सरकतात.

कॅनडातल्या ट्रान्सअल्टा या वीज कंपनीच्या बोलींच्या शीटमध्ये 2003 साली कट-पेस्ट करताना असाच ओळी सरकण्याचा घोळ झाला आणि वीजवहनाचे करार भलत्या दराने गळ्यात पडले. नुकसान 2 कोटी 40 लाख डॉलर. तिथेही शेवटच्या तपासणीत कुणाला काही दिसलं नव्हतं.

एकटा सेल घालणं योग्य ठरतं ते दुरुस्तीला. पावतीपुस्तकावरून आकडे उतरवताना एक सुटला आणि त्याखालचे सगळे एकेक घर वर चढले, तर नेमक्या त्याच जागी सेल घालून ते खाली ढकलावेत. काकांच्या शीटला याचं उलट औषध लागलं: घातलेला सेल काढला, 'शिफ्ट सेल्स अप' केलं आणि दोन्ही नावं एकाच सेलमध्ये 'व' घालून लिहिली. मग कंट्रोल आणि टी दाबून यादीचं टेबल केलं. आता मध्ये काही घालायला गेलं की एक्सेल टेबलची पूर्ण ओळच देतं.

त्या संध्याकाळी काका वॉचमनला न पाठवता स्वतः जिने चढले आणि वाटलेली प्रत्येक नोटीस हात जोडून परत घेतली. आजींकडे ते सगळ्यात आधी गेले.