मायलेज किती देते?

जुनी फियाट पालिओ १.६ दिसली की लोकांचा पहिला प्रश्न हाच. अहो, २००१ साली आलेली १०० अश्वशक्तीची हॅचबॅक कोणी पेट्रोल वाचवायला घेतं का? वरंधा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ती जी ओढते ना... आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता थेट हाताला कळतो. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाल्या हॅचबॅकमध्ये हे शोधून दाखवा!

खरी डोकेदुखी वेगळीच आहे राव. एक हेडलाइट फुटला तर भंगारवाल्यांचे उंबरे झिजवा. पंधरा वर्षं झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी तेच. वर पर्यावरण कर! तोही गाडीचं वय बघून. लाडाने सांभाळलेलीला तेवढाच आणि धूर ओकणारीलाही तेवढाच. याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.