वीस डॉलरचा न्याय

दुर्मिळ नाण्यांच्या संग्राहकांत १९३३ सालच्या अमेरिकी ‘डबल ईगल’ची थोरवी फार गायिली जाते. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात वीस डॉलरच्या या एका सुवर्णनाण्याला सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलर मिळाले. आमच्या मते ही किंमत सोन्याची नाही, कलेचीही नाही. ती सरकारने केलेल्या एका अपवादाची आहे.

नाण्यात शुद्ध सोने अवघे तीस ग्रॅम. शिल्पकार सेंट-गॉडन्स यांची हीच मुद्रा १९०७ पासून चालत आलेली. १९२४ सालचे तसलेच नाणे आजही सोन्याच्या भावाहून फारसे महाग पडत नाही. १९३३ मध्ये ४,४५,५०० नाणी पाडली गेली, परंतु त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी सोने सरकारजमा करविले. दोन नाणी संग्रहालयास देऊन बाकीची वितळविण्याचे ठरले. तरी काही टांकसाळीतून बाहेर पडलीच.

त्यांतले एक इजिप्तचे राजे फारूक यांनी घेतले आणि १९४४ मध्ये अमेरिकी कोषागाराने अनवधानाने त्यास निर्यात परवाना दिला. तेच समजले जाणारे नाणे १९९६ मध्ये न्यूयॉर्कला पकडले गेले. मग तडजोड झाली आणि २००२ मध्ये ते ७५,९०,०२० डॉलरला विकले गेले. वरचे वीस डॉलर नाणे रीतसर चलनात आणल्याबद्दलचे! लिलावाचे उत्पन्न सरकार व विक्रेता यांनी वाटून घेतले.

उलट, एका कुटुंबाने २००४ मध्ये तपासणीसाठी दिलेली अशीच दहा नाणी सरकारने ठेवून घेतली. २०११ मध्ये ज्यूरीने सरकारच्या बाजूने कौल दिला आणि तो पुढेही टिकला.

संग्राहक याला जुलूम म्हणतात. आयुष्य सरकारी सेवेत घालविलेल्या आम्हांस ते मान्य नाही. चोरीचा माल वारशाने शुद्ध होत नाही. पण मग कारकुनी चुकीने तरी तो शुद्ध कसा व्हावा? दहा नाण्यांना कायदा दाखवावयाचा आणि अकराव्याच्या विक्रीत वाटा घ्यावयाचा, याला न्याय म्हणत नाहीत.

आपल्याकडेही १९६३ ते १९९० सोन्यावर नियंत्रण होते. ते पाळणाऱ्या घरांना ठाऊक आहे की, बंधन जाचक असले तरी सोसता येते. शेजाऱ्याला दिलेली सूट सोसत नाही. ते अकरावे नाणेही संग्रहालयातच जावयास हवे होते.