काडतुसं घरी भरून पदक येत नसतं

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल.

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकलं आणि आपल्याकडच्या पोरांना नेमबाजीचं वेड लागलं. छानच झालं. पण गोळ्यांचा खर्च झेपत नाही म्हटल्यावर हीच पोरं आता अमेरिकन व्हिडिओ बघतायत. रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरायची, म्हणजे रीलोडिंग. मला मेसेज येतात, "सर, स्वस्तातला प्रेस कुठला घेऊ?"

बाळांनो, कुठलाच घेऊ नका. कारणं सांगतो.

पहिलं. स्वप्नीलचा प्रकार, ५० मीटर थ्री पोझिशन, पॉइंट टू टूच्या रायफलने खेळतात. या काडतुसात ठिणगी देणारं रसायन बुडाच्या कडेत आतून भरलेलं असतं. घोडा पडला की ती कड चेपते. ते पितळ पुन्हा भरण्यासारखं राहतच नाही. व्हिडिओत भरतात ती मधोमध टोपी बसवलेली, मोठ्या रायफलींची काडतुसं. म्हणजे ज्या खेळासाठी पैसे वाचवायचे, त्या खेळाला हे यंत्र उपयोगाचंच नाही.

दुसरं. अमेरिकेत हा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे, कमाल जन्मठेप. व्हिडिओवाला हे सांगणार नाही, त्याला गरजही नाही.

तिसरं. तिकडचे जुनेजाणतेसुद्धा नवख्याला काय सांगतात? एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस घे, जुना असला तरी चालेल. पण वजनकाटा, मापाचं कॅलिपर आणि छापील मॅन्युअल यात काटकसर करू नकोस. कारण तिथे चूक झाली तर नळी फुटते, आणि नळीच्या मागे आपलं तोंड असतं.

आता कोकणातले मित्र म्हणतील, "आमचे आजोबा ठासणीची बंदूक घरीच भरायचे." भरायचे, मान्य. पण ती काळी दारू. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब कैक पटींनी जास्त. ती त्याच मापाने ठासणीत भरली तर बंदुकीचा बॉम्ब होतो.

मग गरिबाच्या पोराने करायचं काय? १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करायची. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, दारूचा कणही नाही. ठरावीक क्षमतेखालच्या एअर रायफलला शस्त्र परवानाही लागत नाही. आणि हाही ऑलिंपिकचाच प्रकार आहे; अभिनव बिंद्राने २००८ ला सुवर्ण यातच जिंकलं.

पण यालाही रायफल लागते, रेंज लागते, शिकवणारा लागतो. आणि इथे माझा खरा राग आहे. पोरं चुकीचा रस्ता शोधतात, कारण बरोबर रस्ता आपण बांधलाच नाही. पदक आलं की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, त्यावर खेळाडूपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. तालुका क्रीडा संकुलात मात्र लग्नं लागतात. बालेवाडीची रेंज उत्तम आहे हो, पण खेड्यातलं पोर रोज शाळा सुटल्यावर पुण्याला जाणार का?

"बंदुकीचा खेळ कशाला?" असंही काहीजण विचारतात. अहो, देखरेखीखालची रेंज असली तरच पोरगं घरात दारू कुटत बसणार नाही.

मागणी फार मोठी नाही. तालुका संकुलात दहा मीटरचा एक हॉल, क्लबच्या मालकीच्या चार रायफली, सरकारी खर्चाने छर्रे आणि एक प्रशिक्षक. संकुलावर किती खर्च झाला, तो हिशेब बाहेरच्या फलकावर.

पुढच्या वेळी आमदारसाहेब सत्काराला आले की हार घालण्याआधी एवढंच विचारा : साहेब, आमची रेंज कुठाय?